त्याच चार आकड्यांची पुढची वेळ

शनि. ११ जुलै १९९८

सु.ला जाऊन आज पाच महिने. सकाळी लक्षात नव्हतं. सासूबाईंनी देवापुढे दोनाऐवजी तीन उदबत्त्या लावल्या तेव्हा कळलं.

दुपारी फोन आला, नौपाड्यातल्या कॉम्प्युटर क्लासमधून. "सुहास कर्णिक आहेत का? त्यांची बॅच पुढे गेलेली, ती सोमवारपासून सुरू होतेय." नाहीत म्हटलं. "कधी येतील?" वारले म्हटलं. पलीकडची मुलगी कोणाला तरी विचारून आली. "मॅडम, त्यांची जागा आहे. घरातलं दुसरं कोणी आलं तरी चालेल."

कंपनी बंद पडल्यावर सु.ने जानेवारीत नाव घातलेलं. अडतिसाव्या वर्षी नवीन शिकायचं म्हणून हसायचा स्वतःलाच. एकदाही जायला मिळालं नाही. खोपटला डेपोत एस.टी.ची वाट बघत उभा होता, तिथेच खाली बसला आणि

आई गवार मोडत होत्या. (सासूबाईंना आईच म्हणते.) फोनचं सांगितलं. "तू जा," म्हणाल्या. "मी काय करू तिथे जाऊन?" "बी.एस्सी. होऊन बारा वर्षं इथे काय केलंस?" वर बघितलं नाही. गवार मोडत राहिल्या.

सोम. १३ जुलै

गेले. वर्तकनगर ते नौपाडा बस, पुढे चालत. तीस खुर्च्या, सगळी पोरं वीस-बावीसची.

हजेरी. "रोल नंबर सत्तावीस, सुहास कर्णिक." हात वर केला. सगळे वळून बघायला लागले. सर स्वतःच पंचवीसचे असतील. लाल झाले. "मॅडम, ऑफिसात नाव बदलून घ्या." ऑफिसातली म्हणाली, यादी वर गेलीय, आता पुढच्या वेळी. बरं म्हटलं.

शेजारी हेमा पाटील. माजिवड्याची, आगरी. हायवेलगतची त्यांची शेतं जाऊन तिथे बिल्डिंगी झाल्या, घरात शिकलेली ही पहिलीच. "ताई, तुमचा नाव सुहास?" मिस्टरांचं म्हटलं. "मंग ते कला नाय आले?" (कला म्हणजे का, कशाला.) सांगितलं. अरेरे वगैरे काही म्हणाली नाही. दप्तर उचललं, स्वतः सरकली. "अशा बसा. हितं पंख्याचा वारा लागतं."

काय शिकवलं ते लिहून घेतलं. कळलं की नाही ते माहीत नाही.

गुरु. १६ जुलै

डाळीला फोडणी देताना बोट भाजलं. फोड आल्यावर कळलं.

मनूच्या शाळेचा फॉर्म. चौथीतल्या सगळ्यांनी भरायचा. वडिलांचा व्यवसाय. मनूने स्वतःच तिथे रेघ मारलेली. मी फक्त सही केली.

बुध. २२ जुलै

सरांनी शेवटची दहा मिनिटं कोडं घातलं. कुठल्याशा कंपनीच्या इंटरव्ह्यूत विचारलेलं म्हणे.

चोवीस तासांचं घड्याळ, आकड्यांचं. समजा 19:34 वाजलेत. हेच चार आकडे, एक नऊ तीन चार, चारही वापरायचे, फक्त जागा बदलायच्या. अशी पुढची वेळ कोणती? 19:43. हे सगळ्यांना आलं. मग म्हणाले, आता कुठलीही वेळ दिली तरी उत्तर येईल अशी रीत सांगा. हातात घड्याळ नाही, डोळे नाहीत, फक्त पायऱ्या.

पोरं एकदम बोलायला लागली. चार आकड्यांच्या चोवीस मांडण्या, त्यातल्या खोट्या गाळा, उरलेल्यांत जरा मोठी निवडा. हेमा सगळ्यात भराभर. मी बोलले नाही. बसमध्ये मात्र सुटेना. नितीन कंपनीचा स्टॉप मागे गेला, वर्तकनगरही मागे गेलं, पुढे जाऊन उतरले. चालत परत आले. पाच महिन्यांत असं पहिल्यांदाच झालं की मी घराचा विचार करत नव्हते आणि सु.चाही नाही.

गुरु. २३ जुलै

आईंना कोडं सांगितलं. सहज, बोलायला काहीतरी म्हणून.

त्या एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर, निम्मी नोकरी कल्याणला ट्रंक कॉलच्या बोर्डावर. चोवीस तासांचं घड्याळ त्यांना सांगावं लागत नाही. चष्मा लावला, कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि मांडण्या लिहायला बसल्या. खोट्या वेळांवर बारीक काट. आमटी मी केली. दोघी जेवायला बसलो तेव्हा मनू म्हणाली, "आजी, तुझा होमवर्क झाला?"

हसल्या. मला वाटलं त्या रडतील. हसल्या.

रवि. २६ जुलै

दादा आला, डोंबिवलीहून. वहिनीने दिलेले आंब्याच्या लोणच्याचे दोन डबे घेऊन. आई आत गेल्यावर मुद्द्यावर.

त्याच्या खालच्या मजल्यावरची खोली रिकामी होतेय. मी आणि मनूने तिथे यायचं. शाळा बघून ठेवलीय. "आणि आई?" "त्यांची मुलगी आहे ना नाशिकला. वसू, त्यांचं त्या बघतील. तुझं आम्ही नाही बघायचं तर कोणी?"

दादा चांगला आहे. तेराव्यापर्यंत रोज डोंबिवली-ठाणे केलं त्याने. मी म्हटलं बघते. म्हणाला दिवाळीपर्यंत सांग, खोली अडवून ठेवतो.

आतून भांड्याचा आवाज नाही, काही नाही. म्हणजे ऐकत होत्या.

बुध. २९ जुलै

क्लास. आज कॉम्प्युटरला हात लावला. पडदा काळा, अक्षरं पांढरी. हेमा म्हणाली, "घाबरू नका, फुटत नाय."

शनि. १ ऑगस्ट

काही नाही.

मंगळ. ४ ऑगस्ट

घड्याळाची माझी रीत. सरांना सांगायला लाज वाटत होती म्हणून आधी हेमाला.

मांडण्या करायच्याच नाहीत. दिलेल्या वेळेत एक मिनिट मिळवायचं. आकडे तेच आहेत का बघायचं. नाहीत? आणखी एक मिनिट. असं चालत राहायचं. कधीतरी तेच चार आकडे येतील.

हेमा म्हणाली, "ताई, येवढा चालाचा? लय येल लागल." मशीनला कुठे पाय दुखतात, म्हटलं. तिला फार हसू आलं. मी विनोद केला होता हे मला ती हसल्यावर कळलं.

मंगळ. ११ ऑगस्ट

सहा महिने.

प्रोग्राम लिहिला. 19:34 दिलं, उत्तर 19:34. चूक लगेच सापडली. मिनिट मिळवायच्या आधीच विचारत होते, आकडे तेच का? तर तेच असणार. आधी पुढे जायचं, मग विचारायचं. ओळ खाली घेतली. 19:43 आलं.

सरांनी येऊन आणखी पाच-सहा वेळा टाकून बघितल्या. सगळ्या बरोबर. मग 20:59. उत्तर 20:59. सर म्हणाले, "म्हणजे दिवसभर फिरून तुमचा प्रोग्राम परत तिथेच आला. मधे काहीच भेटलं नाही त्याला. खरंच काही नाहीये का मधे? शोधा."

घरी येऊन वही उघडली. दिसलं नाही. बंद केली.

बुध. १२ ऑगस्ट

आईंनी शोधलं.

सकाळी भाजी निवडून झाल्यावर दोन शून्य पाच नऊ घेऊन बसल्या. वीसएक मिनिटांत पाच वेळा लिहून माझ्यापुढे. 02:59, 05:29, 09:25, 09:52, 20:59. "तुझ्या मशीनला पहाट आणि सकाळ दिसत नाहीये. चारही वेळा शून्याने सुरू होणाऱ्या आहेत बघ."

बघितलं. मी वेळ एक आकडा म्हणून लिहिली होती. 0259 म्हणजे मशीनला नुसते दोनशे एकोणसाठ. पुढचं शून्य गळून जात होतं, चारऐवजी तीनच आकडे राहत होते. मग जुळणार कसे?

"आमच्याकडे कॉलच्या तिकिटावर वेळेआधीचं शून्य लिहिलं नाही तर सुपरवायझर परत पाठवायची," आई म्हणाल्या. "नवीन मुली विसरायच्या. मी पण विसरायचे. सुहास पोटात होता तेव्हा तर"

पाच वेळांचा तो कागद घडी घालून माझ्या हातात दिला. मी पर्समध्ये ठेवला.

गुरु. १३ ऑगस्ट

तास वेगळे, मिनिटं वेगळी केली. प्रत्येकाचे दोन आकडे, शून्य असलं तरी मोजायचं. 20:59 दिलं. 02:59 आलं. सर म्हणाले, "एक नंबर, मॅडम." हेमाने टाळी दिली. मला आनंद व्हायला हवा होता. घरी येऊन आईंना सांगितलं तर त्या उठून साखर घेऊन आल्या, माझ्या हातावर ठेवली. खाल्ली.

मंगळ. २५ ऑगस्ट

यंदा आमच्याकडे गणपती नाही. समोरच्या वहिनींनी मोदक पाठवले, पण स्वतः आल्या नाहीत, मुलीच्या हातून. मनू आरतीला चार घरं फिरून आली. घसा बसलाय.

शुक्र. ४ सप्टें.

पत्र आलं. इंग्रजी, टाईप केलेलं. एका सॉफ्टवेअर कंपनीचं, वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या ऑफिसात लेखी परीक्षा आणि मुलाखत, १४ तारखेला. क्लासने त्यांना यादी दिली होती, त्यावरून.

वर नाव: श्री. सुहास व्ही. कर्णिक.

पोस्टमनकडून आईंनी घेतलं. मी क्लासहून आले तर दिवाणावर बसल्या होत्या, पाकीट मांडीवर. फोडलेलं नव्हतं. "त्याला आलंय," म्हणाल्या. मी फोडून वाचून दाखवलं. म्हणाल्या, "पुन्हा एकदा वाच." वाचलं. मग म्हणाल्या, पहिली ओळ तेवढी. डिअर मिस्टर कर्णिक. ती तेवढी परत वाचली.

मंगळ. ८ सप्टें.

कंपनीत फोन केला. सगळं सांगितलं. तिथली बाई फार हळू बोलली. म्हणाली, तुम्हीच या, पदवीचं सर्टिफिकेट आणा आणि शक्य असेल तर मिस्टरांचा तो दाखला पण, फाईलमध्ये नाव बदलायला लागेल.

बी.एस्सी.चं सर्टिफिकेट आणि सु.चा मृत्यूचा दाखला एकाच प्लास्टिकच्या पिशवीत.

दादाला सांगितलं नाही.

सोम. १४ सप्टें.

सगळं लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

नवी बिल्डिंग, काचेची. त्याच रस्त्यावर अलीकडे सु.ची बंद कंपनी. रिक्षा तिच्या समोरून गेली. गेटला कुलूप, आत गवत वाढलंय. बघितलं. रिक्षावाल्याने विचारलं उजवीकडे का, म्हटलं सरळ.

लेखी दीड तास. साठ जणांतले चौदा उरले. त्यात मी, त्यात हेमा. हेमा माझ्या आधी आत गेली, दहा मिनिटांत बाहेर आली. "काय झाला गो?" मी तिच्यासारखंच विचारलं. नुसती मान हलवली.

आत दोघं. एक वयस्कर गृहस्थ, कपाळाला भस्म, आणि एक मराठी बाई, माझ्याच वयाची. बोलणं इंग्रजीत, इथे मराठीत लिहिते. बारा वर्षं काय केलं? घरी होते. आता का? मिस्टर गेले. ते सॉरी म्हणाले. टेबलाच्या सनमायकाची कड उखडलेली होती, मी तिच्यावरून बोट फिरवत होते.

मग घड्याळाचंच कोडं. मी सांगितलं, हे क्लासमध्ये केलंय, दुसरं घाला हवं तर. ते म्हणाले, करा तर खरं, बघू कसं केलंय.

फळ्यावर लिहिलं. आठ-नऊ ओळी. एक मिनिट मिळवा, आकडे लावून बघा, तेच नसतील तर परत.

ते म्हणाले, "हे तर हमाली काम झालं. हुशार माणूस चोवीस मांडण्यांत संपवेल. तुम्ही वाईट दिवशी चौदाशे चाळीस पावलं चालाल."

मी म्हटलं, "हो. पण मांडणी केली की प्रत्येकीला विचारावं लागतं, ही वेळ खरी की खोटी. त्यातच चुका होतात. मी घड्याळाबरोबरच चालते. घड्याळ खोटी वेळ दाखवत नाही. मला एकच प्रश्न उरतो."

"आणि काम मोठं झालं तर? ही रीत पुरेल?"

"दिवस मोठा होणार नाही, सर."

बाईंनी खाली बघितलं. हसल्या बहुतेक. ते हसले नाहीत. म्हणाले, "23:59 द्या." म्हटलं, उत्तर उद्याचे 23:59. त्या आकड्यांची दुसरी खरी वेळच नाही. "मग तुमचा प्रोग्राम फिरतच का राहत नाही? थांबा असं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही." मी म्हटलं, लिहायची गरज नाही. चौदाशे चाळिसाव्या पावलाला तीच वेळ परत येते, आणि तिचे आकडे तेच असतात. तिथे थांबतो.

फळ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही शिकवत होता का कधी?" दोन महिने, बदलीवर, लग्नाआधी. "हं."

बाहेर आले. हेमा पायऱ्यांवर थांबलेली. तिला वेगळं कोडं घातलं होतं, आणि तिला ते येत होतं. "डोक्यान सगला व्हता ताई. विंग्रजीन विचारला ना, तोंडान नाय आला." तिची रीत माझ्यापेक्षा सरस असते नेहमी. हे मी तिथे आत कोणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? सुचलंच नाही.

दोघींनी उसाचा रस घेतला.

गुरु. १७ सप्टें.

हेमा क्लासला आली नाही.

शुक्र. १८ सप्टें.

आजही नाही. सरांकडून पत्ता घेतला.

रवि. २० सप्टें.

माजिवड्याला गेले हेमाकडे. बिल्डिंगींच्या मधे त्यांचं कौलारू घर, अंगणात मासे वाळत घातलेले. तिची आई म्हणाली, पोरगी चार दिवस जेवली नाही नीट. हेमा आतून आली, डोळे सुजलेले. मी म्हटलं, उद्यापासून अर्धा तास आधी ये, आपण दोघी इंग्रजीतच बोलायचं, चुकलं तरी. "तुमाला कला यवढी काळजी?" म्हटलं, पंख्याखालची जागा दिलीस ना.

निघताना तिच्या आईने बोंबील दिले, कागदात. घरी फेब्रुवारीपासून मासे शिजले नव्हते. आई बघत राहिल्या कागदाकडे, मग म्हणाल्या, कोकम संपलंय, खालून आण. मनूने तीन वेळा भात घेतला.

शनि. २६ सप्टें.

निवड झाली. पत्रावर माझं नाव, बरोबर लिहिलेलं.

जुन्या प्रोग्रामांतल्या तारखा दुरुस्त करायचं काम, दोन हजार साल येतंय म्हणून. पण आधी सहा महिने शिकायला चेन्नईला. राहायची सोय त्यांची, उमेदवारापुरती. मग कुठे टाकतील ते नंतर. बारा ऑक्टोबरपर्यंत हो किंवा नाही.

आई म्हणाल्या, "मद्रास." इतकंच.

रवि. २७ सप्टें.

दादा. कोणी कळवलं? मनूनेच, फोनवर.

"नऊ वर्षांची पोर टाकून जाणार तू? बाप गेला, आता आई पण?" मी काही बोलले नाही. "बोल ना काहीतरी! तू अशी दगडासारखी बसतेस ना, त्याचीच भीती वाटते मला." दादा रडला. आमच्या बाबांच्या वेळी नव्हता रडला. मी त्याला पाणी आणून दिलं, पेला घेताना त्याने माझा हात धरून ठेवला. हात गरम होता एवढं कळलं.

आई स्वयंपाकघराच्या दारात. दादाला म्हणाल्या, "तुम्ही म्हणता त्यात चूक काही नाही." मग माझ्याकडे न बघता, "पण हिला विचारताय की हिला सांगताय?"

तो जेवला नाही. जाताना मनूच्या डोक्यावर हात ठेवून गेला.

बुध. ३० सप्टें.

आईंना मीच विचारलं. तुम्हाला काय वाटतं?

त्या सांगायला लागल्या, हे मला सु.ने कधी सांगितलं नव्हतं. सासरे गेले तेव्हा सु. सहा वर्षांचा. चौदाव्या दिवशी आई ड्यूटीवर. आणि वर्षाच्या आत बदली, रत्नागिरीला. सु.ला कल्याणला आपल्या बहिणीकडे ठेवलं, वर्षभर.

"परत आले तर मला तुम्ही म्हणाला. 'तुम्ही चहा घेणार का?' सात-आठ वर्षांचं पोर. मावशीने शिकवलं नव्हतं, स्वतःहून. महिनाभर अहो-जाहो. मग एकदा जिन्यात पडला, गुडघा फुटला, तेव्हा ओरडला, 'आई, तू ये!' त्यानंतर तू."

मी विचारलं, जायला नको होतं असं वाटतं?

"नोकरी नसती तर त्याला शिकवलं नसतं. हे मी लोकांना सांगते." पदर नीट केला. "मला स्वतःला काय वाटतं ते ठरवायला वेळ नव्हता. पुढे कधीतरी त्यालाच विचारेन म्हटलं होतं. म्हातारा झाला की"

त्या उठल्या, कुकर लावला. शिट्ट्या मोजल्या की नाही कोण जाणे, भात खाली लागला. तसाच खाल्ला आम्ही तिघींनी.

गुरु. १ ऑक्टो.

दसरा. तोरण नाही. मनू शेजारून आपट्याची पानं घेऊन आली, आजीला दिली, मला दिली, एक सु.च्या फोटोपुढे. फोटोकडे मी फेब्रुवारीपासून नीट बघितलेलं नाही. आज बघितलं. शर्ट निळा आहे. मला पांढरा आठवत होता.

शनि. ३ ऑक्टो.

कंपनीत फोन केला, त्या मराठी बाईंना. विचारलं, मुलीला आणि सासूबाईंना बरोबर आणलं तर? जागा आम्ही बघू आमची. त्या म्हणाल्या, असं कोणी विचारलेलं नाही अजून. "नाही म्हणत नाहीये मी. चेन्नईला बोलते. सोमवारी अकरानंतर करा." मग, "कर्णिक, तुमचं ते फळ्यावरचं आमच्या साहेबांनी पुसू दिलं नाही दोन दिवस." थँक्यू म्हटलं.

आईंना सांगितलं. विचारायच्या आधी त्यांना विचारलं नव्हतं, हे सांगताना लक्षात आलं. म्हणाल्या, "मला मद्रासला नेणार? तिथे मला भाजीवाली तरी कळेल का काय म्हणते ते." येते म्हणाल्या नाहीत, येत नाही म्हणाल्या नाहीत.

हेमाशी इंग्रजी चालू आहे. आज ती मला म्हणाली, यू आर नॉट ईटिंग, व्हाय. बरोबर होतं वाक्य.

रवि. ४ ऑक्टो.

सकाळी आई स्टुलावर चढून माळ्यावरची मोठी बॅग काढत होत्या. मी धावले. "धर खालून," म्हणाल्या. ओल्या फडक्याने आतून-बाहेरून पुसली, गॅलरीत उन्हात उघडी टाकली. कोणासाठी ते बोलल्या नाहीत.

दुपारी दादाचा फोन. खोलीचं विचारलं नाही त्याने. मनू जेवली का विचारलं, मला झोप लागते का विचारलं. लागते म्हटलं. खरं आहे, चार दिवस लागतेय.

चारच्या सुमारास गॅलरीत गेले तर मनू बॅगेत. गुडघे पोटाशी, मान खाली, एकदम गोळा होऊन. "बघ, मी मावते."

आई मागे येऊन उभ्या राहिलेल्या. वाकल्या, मनूची वेणी आत सारली, बॅगेची चेन ओढून बघितली. अर्ध्यावर अडली. "लागत नाही गं पण," म्हणाल्या.

मनू आतून म्हणाली, "जोरात ओढ ना."

आईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बसले, दुसऱ्या बाजूने बॅग धरली.